पर्यटन कराची मुदत

भिकूने पाण्याचा स्टीलचा तांब्या उचलला आणि हॉटेलमालक सदाच्या कपाळावर हाणला. मी शेजारच्या टेबलावर मासे-भात खात होतो. सदाच्या भुवईतून आलेलं रक्त थेट त्याच्या हातातल्या बिलावर पडलं.

बिलात शेवटी पर्यटन कर लावला होता. आमच्या किनाऱ्यावरच्या बार आणि हॉटेलांवर तो आला तेव्हा तो एका हंगामापुरताच असेल असं सांगितलं होतं. परवा नगरपालिकेने त्याची मुदत पुन्हा वाढवली.

"मी काय पर्यटक आसंय?" म्हणत भिकूने सदाची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. "ह्याच पैशान किनारो सजवलात आणि माझी होडी थयसून हाकललात."

"कर सगळ्यांकच लागता," सदा म्हणाला. त्याने हात उगारला नाही. दोघे एकाच वर्गात शिकलेले.

मुदतवाढीची बातमी सकाळी वाचून मी पान उलटलं होतं. एवढासा ठराव माणसाला त्याच्याच गावात परका करतो, हे मला त्या रक्ताकडे बघताना कळलं.

वेटर पोलिसांना फोन लावत होता. सदाने त्याला थांबवलं, कॉलरवरची मूठ सोडवली. "घराक जा," एवढंच म्हणाला.

भिकू समोरच्या किनाऱ्यावर गेला. त्याची होडी असायची तिथे आता फरशी आणि बाकं आहेत. तो बाकावर बसला. कुटुंबासोबत फिरायला आलेल्या एका बाईंनी मोबाइल पुढे केला. "काका, आमचा एक फोटो काढता?"

भिकूने रक्ताळलेला हात लुंगीला पुसला आणि मोबाइल घेतला.