फाटकावर न डकवलेलं समन्स

अकोल्याच्या कोर्टातला डोमाजी बेलीफ म्हणजे खमक्या माणूस. समन्स घ्यायला कुणी कां-कू केली, की दोन पंच उभे करायचे, खळ लावायची आणि कागद दारावर डकवून मोकळं व्हायचं. कोर्टाच्या लेखी बजावणी झाली. एकोणीस वर्षांत त्याला कुणी चकवलं नव्हतं. चकवलं ते एका खुर्चीनं.

१९५८ साली एका जर्मन कंपनीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये देवमन नावाचा मजूर गाठी दाबायच्या प्रेसखाली चिरडून मेला. चूक त्याचीच, असं कंपनीनं लिहून टाकलं. त्याची बायको मैनाबाई पेटून उठली, तिनं दावा लावला. "माह्या माणसाची चूक नव्हती, हे जजसायबानं सांगावं," एवढंच तिचं मागणं. डोमाजी समन्स घेऊन गेला तेव्हा मॅनेजर सामान बांधत होता. त्यानं डोमाजीला खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला. आता सांगा, दोन वर्षांपूर्वी बौद्ध झालेल्या डोमाजीला तोवर कुठल्या मोठ्या घरी खुर्ची मिळाली होती? पाणीसुद्धा वरून ओतायचे. साहेब गोड बोलला, "कंपनी हॅम्बुर्गला आहे, इथे नाही." अशा माणसाच्या फाटकाला खळ फासायची? डोमाजीनं समन्सवर शेरा मारला: कंपनी येथे नाही. आठवड्याभरात जिनिंग विकलं गेलं आणि साहेब निघून गेला.

मग समन्सचं जर्मन भाषांतर झालं, ते दिल्लीमार्गे हॅम्बुर्गच्या कोर्टाकडे गेलं. तिथल्या कोर्टानंही इमानेइतबारे आपला बेलीफ धाडला. सोळा महिन्यांनी कागद परत: कंपनी इथं मिटवून हॉलंडात नोंदवली आहे. हॉलंडहून दोन वर्षांनी उत्तर: आता स्वित्झर्लंड. माणसं तीच, धंदा तोच, पत्ता तेवढा पळत होता, आणि सगळं कायद्यात बसवून बरं का. दर तारखेला मैनाबाई कोर्टाच्या व्हरांड्यात बसायची.

"आलं काय गा, डोमाजीभाऊ?"

डोमाजी मान हलवायचा. खुर्चीचं तिला कधी बोलला नाही. लाज वाटायची, दुसरं काय.

१९६४ मध्ये बजावणी होत नाही म्हणून कोर्टानं दावा काढून टाकला. ती नोटीस मैनाबाईला द्यायची पाळी डोमाजीवरच आली. तिनं अंगठा उठवला, त्याला बसायला पोतं अंथरलं. डोमाजीला राहवेना. उभ्याउभ्याच त्यानं खुर्ची, चहा, शेरा, सगळं सांगून टाकलं.

मैनाबाईनं नोटिशीची घडी घातली.

"माह्यं घर बराबर सापडलं तुले," ती म्हणाली. "खुर्ची नाही ना माह्याजवळ."

आणि तिनं पोतं उचलून घेतलं.