माशीवरची फुंकर

माशी बांधून झाली की मावशी ती ओठांजवळ नेत आणि हळूच फुंकर घालत. विचारलं तर म्हणत, "काय नाय ताई, वाळवते."

माशी म्हणजे परदेशातले हौशी लोक मासे धरायला वापरतात ती नकली माशी. गारखेड्यातल्या आमच्या खोलीत काही बायका त्या बांधतात. बारीक गळाला रेशमी दोरा गुंडाळायचा, त्यावर पिसाचे दोन नाजूक पंख उभे करायचे आणि गाठीवर वार्निशचा थेंब सोडायचा. तो वाळावा म्हणून फुंकर, असं मी धरून चालले. तुम्हीही तेच धरलं असतं.

मावशी करमाडहून एस.टी.नं येत. गळ्यात तुळशीची माळ. मासळीचा नुसता वास आला तरी पदर नाकाला. अशा बाईनं हे काम करावं याची खोलीत पुष्कळ चेष्टा चाले. "मावशी, पाप तुमचं का गिऱ्हाइकाचं?" असं कुणी डिवचलं की त्या मान वर न करता म्हणत, "पंखा बंद कर आधी, पिसं उडतेत." मग भर मे महिन्यात आम्ही सगळ्याजणी घामानं थबथबत बसायचो.

एकदा गेलेली लाइट अचानक आली. बटण चालूच राहिलेलं. पंखा भरकन फिरला आणि मावशींच्या दोन डब्यांतली पिसं खोलीभर झाली. सगळ्यांनी हसत हसत ती गोळा केली, डब्यांत कोंबली आणि काम पुढं सुरू झालं.

तो माल गेला आणि गिऱ्हाइकाचा निरोप आला, की या माश्यांकडं मासे फिरकतसुद्धा नाहीत. माल सगळा मावशींच्या हातचा. त्यांना पुढं काम द्यायचं की नाही, हे मला ठरवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी पिशवी खांद्यावरून न काढताच माझ्यापुढं उभ्या राहिल्या.

"ताई, मी उद्यापासून येत नाय. माझ्यामुळंच झालं."

"ते कसं?"

"मी वाळवत नव्हते. दर माशीला सांगत होते, बाई, तुझ्या गळाला कुणी मासा लागू नये. लई वर्सं सांगितलं. आता देवानं ऐकलं."

देवाच्या कारभारात मी पडत नाही. बादलीत पाणी घेतलं, त्या मालातली एक माशी दोऱ्याला बांधली आणि ओढली. ती भोवऱ्यासारखी गरगरली. भिंगाखाली धरली तर दोन्ही पंख एकाच अंगाला वळलेले. वास्तविक एक तुकडा पाखराच्या डाव्या पंखातला लागतो, एक उजव्यातला, तरच तोल राहतो. म्हणून तर मावशींचे डबे दोन. त्या दिवशी पिसं उचलताना आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांची खिचडी केली होती.

"पिसं मिसळली होती, मावशी. देवाचा यात हात नाही."

मावशींनी माशी स्वतः ओढून पाहिली, पुन्हा पाहिली. मग तिथंच फरशीवर बसल्या आणि पदरात तोंड घालून हसायला लागल्या. डोळे पुसता पुसता एकदम थांबल्या.

"म्हंजे आधीच्या माश्यांना मासे लागत व्हते?"

त्या हौशी लोकांतले बरेच जण मासा धरून पुन्हा पाण्यात सोडतात, हे मी सांगितलं.

"सोडतेत? मग धरतेत कशाला?"

पण सोडतात, एवढं त्यांना पुरलं. पिशवी खिळ्याला अडकवून त्या पिसं निवडायला बसल्या. अख्खा माल नव्यानं बांधून दिला. फुंकर मात्र सुटली नाही. आता काय सांगता, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "लागलास तर लवकर सुट, म्हनते माशाला."

गेल्या दिवाळीपासून मावशी येत नाहीत. त्यांचे गुडघे बसच्या पायरीला राजी नाहीत. त्यांच्या जागेवर त्यांनीच शिकवलेली एकजण बसते. परवा तीही माशी ओठांजवळ नेऊन फुंकताना दिसली. मी विचारलं, काय सांगतेस गं तिला?

ती गोंधळली. "काय सांगायचं असतं का, ताई? मावशींनी दाखवलं तसं करते."

फुंकरीनं वार्निश लवकर वाळत नाही, हे आता मला पक्कं माहीत आहे.

"काही नाही," मी म्हटलं, "वाळव."