सही करण्याआधी वाडीवर जाणाऱ्या आहेर मॅडम

श्रीमती कुमुद आहेर यांची माझी पहिली भेट झाली ती त्यांची वाट पाहण्यात. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी इगतपुरीला गटशिक्षणाधिकारी होतो आणि मॅडम नाशिकला जिल्हा परिषदेत प्राथमिकच्या शिक्षणाधिकारी म्हणून नुकत्याच रुजू झाल्या होत्या. पंचायत समितीच्या सभागृहात तालुक्यातले केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापक सकाळपासून बसले होते. शाल आणली होती, नारळ आणला होता, चहा दोनदा गरम करून झाला होता. मॅडमची जीप आली तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली होती. वाटेत घोटीच्या अलीकडे शाळेच्या वेळात म्हशी राखणाऱ्या काही मुली दिसल्या, म्हणून त्या उतरल्या आणि मुलींच्या मागोमाग त्यांच्या घरी गेल्या होत्या. सभागृहात येताच त्यांनी सगळ्यांची माफी मागितली. शाल घेतली नाही. मुली शाळेत का येत नाहीत, हे त्यांच्या आयांकडून ऐकलेले जसेच्या तसे आम्हाला सांगितले आणि मग बैठक सुरू केली. पहिल्याच दिवशी मला त्यांचा राग आला. पुढची काही वर्षे तो येतच राहिला.

गौरवग्रंथात असे लिहू नये, हे मला कळते. पण मॅडमच्या हाताखाली काम केलेल्या कोणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल. त्यांच्या टेबलावर गेलेली फाइल लवकर परत येत नसे. त्या आळशी होत्या म्हणून नव्हे. दोन वाक्यांचा आदेश असला, तरी ज्यांच्यावर तो लागू होणार त्यांना भेटल्याशिवाय त्या सही करीत नसत. मुख्य कार्यकारी अधिकारी चिडत, सदस्य चिडत, आम्ही तर चिडतच असू. त्या मात्र शांतपणे म्हणत, "मी एकदा जाऊन येते."

त्यांच्या या जाऊन येण्याचा एकच प्रसंग सांगतो.

घाटमाथ्यावरच्या एका गावात चांगली सातवीपर्यंतची शाळा होती. ओहोळापलीकडे, चढावर, त्याच गावाची वरची वाडी. तिथे चौथीपर्यंतची एकशिक्षकी शाळा, मुले मोजकीच. गुरुजी प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की शाळा बंद. ही शाळा गावच्या शाळेत विलीन करावी असे वरून सुचवले गेले. मी प्रस्ताव तयार करून नाशिकला पाठवला. माझ्या मते त्यात विचार करण्यासारखे काही नव्हते.

मॅडम आल्या. वाडीच्या समाजमंदिरात बैठक झाली. वाडीतले वजनदार गृहस्थ काळूबाबा यांनी सगळ्यांच्या वतीने सांगितले की शाळा वाडीची आहे आणि ती हलणार नाही. हलवली तर गावच्या शाळेलाही टाळे ठोकू. पुरुषांनी माना डोलावल्या. बायका दाराबाहेर उभ्या होत्या. मॅडमनी त्यांना विचारले, तर कोणी तोंड उघडले नाही. मी म्हटले, विरोध कळला, आता काय तो निर्णय घेऊ. मॅडम म्हणाल्या, अजून निम्म्या वाडीचे ऐकायचे राहिले आहे.

त्या पुन्हा आल्या त्या भर आवणीच्या दिवसांत. इगतपुरीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय सांगू! मी विनवले की पाऊस कमी झाल्यावर जाऊ. त्यांना ओहोळ भरलेलाच पाहायचा होता. आम्ही खाचरांच्या बांधावरून गेलो. छत्री उलटी झाली, माझी एक चप्पल चिखलात राहिली. बायका पाण्यात वाकून भाताची रोपे लावत होत्या. मॅडम बांधावर उभ्या राहून त्यांच्याशी बोलू लागल्या. आधी रोपांचे, मग पोरांचे. शेवटी हिराबाई नावाच्या बाईंनी कंबर सरळ केली.

"आमाला मोठीच शाळा पायजे, मॅडम. इथं गुर्जी एक दिस हाय, दोन दिस नाय. पर ह्यो वव्हळ बगा. ह्यातून पोरगी कशी धाडू?"

म्हणजे वाडीचे एक मत नव्हतेच. काळूबाबांना वाडीची शाळा जाऊ द्यायची नव्हती, कारण ती मिळवायला ते तरुणपणी नाशिकला खेटे घालून आले होते. आयांना मोठी शाळा हवी होती, पण ओहोळावर साकव, पायी जाण्यापुरता छोटा पूल, झाला तरच. मी म्हटले, मॅडम, आता तरी सही करा, साकवाचे पुढे पाहू. त्यांनी नकार दिला. साकव होण्याआधी शाळा बंद केली तर पावसाळाभर मुले घरी बसतील, असे त्यांचे म्हणणे. साकवासाठी त्या बांधकाम विभागाच्या मागे लागल्या.

साकव त्या वर्षी मंजूर झाला नाही. मी सुचवले की ग्रामपंचायतीला तसे कळवून टाकू. मॅडम म्हणाल्या, "होकार कोणाच्याही हाती पाठवता येतो. नकार द्यायला आपणच जायचं." आणि खरोखरच त्या मला घेऊन वाडीवर गेल्या, ऑक्टोबरच्या भर उन्हात, शिव्या खायला. काळूबाबांनी ऐकवायचे ते ऐकवले. एका तरुणाने तर विचारले की काही द्यायचेच नव्हते तर आमचे दिवस का मोडले? मॅडमनी कोणाला अडवले नाही, सबबी सांगितल्या नाहीत, पुढच्या वर्षीचे वचनही दिले नाही. प्रयत्न करीन, एवढेच बोलल्या. हिराबाई मध्येच उठून निघून गेल्या.

त्या हिवाळ्यात हिराबाई द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे गेल्या आणि धाकटी मुलगी सीता हिला बरोबर घेऊन गेल्या. वाडीत शाळा धड नाही, गावच्या शाळेची वाट नाही, मग पोरगी मागे ठेवून काय करायचे? सीतेचे नाव तिसरीतून गळाले. मला हे कळले तेव्हा मी नाशिकला जाऊन मॅडमच्या समोर उभा राहिलो. इतक्या दिवसांचे साचलेले सगळे बोललो. वेळेत सही झाली असती तर हिवाळ्यात तरी ती मुलगी गावच्या शाळेत बसली असती, असे म्हणालो.

मॅडमनी चष्मा काढून ठेवला.

"बसली असती," त्या म्हणाल्या. "थांबायचं मी ठरवलं, तेव्हा हेही माझ्याच माथी."

मला वाटले होते की त्या मला गप्प करतील किंवा नियम दाखवतील. तसे झाले असते तर मला सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी मॅडम दिंडोरीला गेल्या. द्राक्षबागेच्या कडेला मजुरांची पाले होती, तिथे हिराबाईंना शोधून काढले. जवळच्या वस्तीवरच्या शाळेत सीतेला बसवून घेण्याची व्यवस्था केली. हिराबाई तेव्हाही त्यांच्याशी नीट बोलल्या नाहीत. मुलीला मात्र शाळेत पाठवले.

साकव पुढे झाला. त्यानंतर मॅडमनी सही केली, तीही माझ्या प्रस्तावावर नव्हे. पहिली-दुसरी वाडीतच ठेवली, तिसरीपासूनची मुले साकवावरून गावात जाऊ लागली. काळूबाबा पुरते खूश नव्हते, गावचे मुख्याध्यापक नव्हते, मी तर नव्हतोच. पण टाळे कोणी ठोकले नाही. सीतेला तिसरी पुन्हा करावी लागली, ती वयाने थोराड झाली होती, तरी गावच्या शाळेतून सातवी झाली. ते एक वर्ष फुकट गेले असे मी आजही म्हणतो, आणि मॅडम ते कधी नाकारत नाहीत.

त्यांच्या मायेचा अनुभवही मला असाच, आधी मनस्ताप देऊन आला. माझी मुलगी दहावी झाली तेव्हा तिच्या विज्ञान शाखेसाठी मी नाशिकला बदली मागितली. मॅडम स्वतः इगतपुरीला आमच्या क्वार्टरवर आल्या. माझ्या पत्नीसमोर बसून त्यांनी सांगितले की बदली होणार नाही, माझ्याआधी मागणारे पुष्कळ आहेत. पत्नी रडली. चहाचा कप तसाच राहिला. मग मॅडम म्हणाल्या, "मुलगी माझ्याकडे राहील." बारावीपर्यंत ती त्यांच्या घरी राहिली. डबा त्या स्वतः भरून देत. आज ती डॉक्टर आहे आणि माझ्यापेक्षा त्यांचे जास्त ऐकते.

मॅडम निवृत्त झाल्या, पण स्वभाव निवृत्त झाला नाही. त्यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून आम्ही सत्कार समिती नेमली. सभागृह ठरवले, वेळ ठरवली संध्याकाळची. मॅडमनी सभागृहाच्या पहारेकऱ्याला विचारले की त्याला घरी जायला किती उशीर होईल. त्याचे घर ओझरकडे, शेवटची बस चुकणार. झाले, कार्यक्रम सकाळवर गेला. सकाळ कोणाला सोयीची नाही हे विचारण्यासाठी त्या आता एकेकाला फोन करीत आहेत. निमंत्रणपत्रिका छापखान्यात अडकली आहे आणि समितीचा कार्यवाह म्हणून सगळ्यांची बोलणी मी खातो आहे.

मॅडमच्या पायांत अशीच ताकद राहो, कान असेच तीक्ष्ण राहोत. त्यांनी आम्हाला आणखी पुष्कळ वर्षे असेच खोळंबून ठेवावे, आणि आम्ही त्यांच्यावर असेच चिडत राहावे.