दहा सेकंदांचा धागा

गाणं असो की कापूस, बोटांत धरून ओढून पाहिल्याशिवाय त्याला चांगलं म्हणू नये, असं मानणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझ्या मैत्रिणीचा बाप आहे. मी त्यांना काकाजी म्हणते. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी तीस-बत्तीस वर्षं ग्रेडरकी केली. कापसाची गाडी आत आली की काकाजी ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, आतून एक पुंजका उपसायचे, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचे आणि धागा तुटायच्या आत माल कसा आहे ते सांगून मोकळे व्हायचे. ओल किती, पत्ती किती, कवडी किती. म्हणजे पाणी मारलेलं आहे का, पानांचा चुरा आहे का, आणि किडका पिवळा कापूस मिसळला आहे का. या सगळ्याला त्यांना दहा सेकंद लागत. लग्नासाठी पोरगी बघायलाही आपण एवढेच घेतले होते, असं ते काकूंसमोर सांगत आणि काकू म्हणत, "म्हणूनच घरातली ओल तुमाले आतागाईत दिसली नाई."

जिनिंगच्या मशिनी दिवसभर एका ठेक्यात चालतात. तो ठेका इतकी वर्षं कानात बसलेल्या माणसाला भजन गोड लागेना, नाट्यगीत लांबलचक वाटे, आणि उतारवयात एकदाचं त्याला आपल्या कानाचं संगीत सापडलं ते म्हणजे रॅप. पन्नाशी ओलांडलेला, कपाळाला बुक्का लावणारा, धोतर नुकतंच सोडून पॅन्टीत आलेला वाटावा असा हा गृहस्थ शर्टाच्या खिशात मेमरी कार्डवर गाणी भरलेला छोटा रेडिओ घालून हिपहॉप ऐकत हिंडे. आणि ऐकून सोडून देईल तर तो ग्रेडर कसला! आवाजाला मशीन लावून घुमवलेलं असलं की ते म्हणत, "याच्यात ओल हाय, वजन वाढवून राह्यला." उगाच गाड्यांची आणि चष्म्यांची नावं आली की पत्ती. शिवी आली की कवडी. आणि पहिल्या ओळीतली गोष्ट चौथ्या ओळीपर्यंत न तुटता पोचली, की डोळे मिटून, अंगठे एकमेकांपासून हळूहळू दूर नेत म्हणत, "लांब धाग्याचा माल हाय, पोरी." एकदा आर्वीला त्यांच्या साळ्याच्या मुलाच्या वरातीत त्यांनी डीजेवाल्याला थांबवून सांगितलं, की तुझा माल ओला आहे, उन्हात टाक. तो बिचारा अर्धा तास वायरी पुसत बसला.

मी वर्ध्याजवळच्या आंजी मोठी या गावची. आमच्या घरात पदवीचा कागद एकच आहे, तो माझा आहे, आणि तो माझ्या बापानं लॅमिनेट करून देवांच्या ओळीत लावला आहे. त्याचा मला अभिमान वाटतो, हे लपवण्यात मी वेळ घालवत नाही. वर्ध्याला कॉलेजात असताना होस्टेलच्या खोलीत माझ्यासोबत काकाजींची मयूरी होती. पोरगी उंचीनं माझ्या खांद्याला लागे आणि आवाजानं पुढच्या चौकात पोचे. ती वऱ्हाडीत रॅप करायची. दिसेल त्याला 'काऊन', म्हणजे 'का', विचारायची. एसटी काऊन येत नाई, नळाले पाणी काऊन नाई, वेणा नदी काऊन आटली. त्यातलं एक गाणं आम्ही वर्ध्यातल्या एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, गादी दाराला लावून रेकॉर्ड केलं. त्याच्या शेवटाला तिनं आपल्या बापालाच धरलं होतं:

साऱ्या गावचा कापूस पारखता बाबा,
माह्याकडं पाहाले घडीभर थांबा.

मला वाटलं, काकाजी रागावतील. ते दर महिन्याला चिवड्याचा डबा घेऊन होस्टेलला यायचे. आम्ही फाटकाजवळच्या बाकावर त्यांना गाणं ऐकवलं. ते दहा सेकंदांत निकाल देणारे, त्या दिवशी त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं आणि आनंदानं वॉचमनला सांगत सुटले, "पोरीनं मले झोडपलं बाप्पा, पार झोडपलं!"

"पण माल कसा आहे काकाजी?" मी विचारलं.

त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. "घरच्या मालाले मी हात लावत नाई."

हा त्यांचा जुना कायदा होता. त्यांचं तीन एकराचं वावर आहे. तिथला कापूस जिनिंगमध्ये आला की काकाजी फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर जाऊन हात खिशात घालून उभे राहत आणि शेजारच्या जिनिंगमधला ग्रेडर येऊन तो कापूस पाहत असे. घरच्या कापसाला बोट लावलं की बोट बिघडतं, मग दुसऱ्याचा माल नीट कळत नाही, असं ते म्हणत. एका वर्षी त्या दुसऱ्या ग्रेडरनं त्यांचा माल पार खाली टाकला. काकूंनी तीन दिवस बोलणं सोडलं. काकाजी मात्र म्हणाले, "त्याचं बोट खरं हाय."

पुढं आमची पांगापांग झाली. मयूरी बंगलोरला नोकरीला गेली, तिथंच लग्न झालं, रॅप सुटला. मी नागपूरला एका खासगी एफएम स्टेशनात लागले. माझ्या बापाला वाटतं, मी रेडिओवर गाते. मी गात नाही. कोणतं गाणं किती वाजता वाजेल, तो तक्ता मी कॉम्प्युटरवर लावते. ही बातमी हिंगणघाटला पोचली आणि दुसऱ्या दिवशी काकाजी नागपूरला हजर. रिसेप्शनच्या गुळगुळीत सोफ्यावर चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसले होते.

"आता मयूरीचं गाणं लाव."

"काकाजी, तसं नसतं."

"काऊन नाई? लावणारी तू. गाणं तुह्या मोबाइलात. मंग अडते कोठं?"

अडतं कुठं, ते मी त्यांना कॅन्टीनमध्ये बसवून सांगितलं. यादी मुंबईहून येते. सिनेमातलं रॅप असेल तर लवकर घेतात, कारण लोकांनी ते पडद्यावर पाहिलेलं असतं. सकाळी रॅप नको, कारण तेव्हा साड्यांच्या आणि सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती असतात आणि दुकानदारांना आपल्या जाहिरातीला चिकटून आरडाओरडा चालत नाही. दोन रॅप लागोपाठ नको. वऱ्हाडीत असलं की साहेब म्हणतात, विनोदी कार्यक्रमात टाका. आणि सगळ्यांत वर सर्व्हे. लोकांना फोन करून गाण्याचा दहा सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि विचारायचं: आवडलं, चालेल, कंटाळा आला, की ऐकलंच नाही. पास झालेलं गाणं दिवसातून चारदा वाजतं. नापास झालेलं जातं.

मला वाटलं, ते चिडतील. काकाजींचा चेहरा तर उजळला. "दहाच सेकंद? म्हणजे तुमच्याकडंही ग्रेडर हाय!" मग जरा वेळानं म्हणाले, "बरोबर हाय. पारखूनच घ्या. तू वळखीनं लावशीन तर मले नाई पाह्यजे."

मी म्हटलं, "मोबाइलवर ऐका ना मग. पाहिजे तेव्हा वाजतं."

"ते मी लावलं म्हणून वाजते, पोरी. रेडिओवर दुसरा कोणी लावते. आपण जेवत असतो, दाढी करत असतो, आणि ते आपल्याकडं येते." डब्याचं झाकण लावता लावता ते म्हणाले, "मयूरी रविवारी फोन करते. 'हो बाबा, ठीक आहे बाबा, जेवलात का बाबा.' शुद्ध बोलते. भांडतच नाई वं ती माह्याशी. त्या गाण्यात भांडते."

तेव्हापासून त्यांची नवी सवय सुरू झाली. नागपूरचा एफएम हिंगणघाटपर्यंत लंगडत पोचतो. काकाजींना शोधाअंती असं आढळलं, की गच्चीवरून पाण्याच्या टाकीकडं जाणाऱ्या लोखंडी जिन्याच्या पाचव्या पायरीवर उभं राहून एका हातानं कठडा धरला तर आमचं स्टेशन स्वच्छ लागतं. हात सोडला की खरखर. तर हा सेवानिवृत्त ग्रेडर रोज दुपारी तीनला, आमच्याकडं रॅप सुरू होतात तेव्हा, कठडा धरून उभा. लावलेल्या प्रत्येक रॅपचा निकाल संध्याकाळी मला फोनवर. "तीन विसाचं गाणं नुसती पत्ती होती. कोणी पास केलं?"

आमच्या सर्व्हेत कधीमधी दोन-चार इथल्या गाण्यांना जागा मिळते. मी मयूरीचा तुकडा त्यात घातला. बापाला धरते तोच. आणि मी सरळ बोलणारी आहे म्हणून सरळच सांगते, फोन करायच्या यादीत मी काकाजींचा नंबरही घातला. एक मत तरी घरचं पडू दे, म्हणून. त्या फोनचं रेकॉर्डिंग मी नंतर ऐकलं.

पहिल्याच गाण्याला काकाजी म्हणाले, "पत्ती हाय."

सर्व्हेवाली मुलगी गोंधळली. "सर, आवडलं की नाही आवडलं?"

"पत्ती असली तरी माल घेतल्या जाते, बाई. भाव कमी लागते."

"मग 'चालेल' लिहू?"

"लिही."

अशी पाच-सहा गाणी झाली. मग मयूरीचा आवाज लागला. दहा सेकंद संपले.

"सर? हॅलो?"

"हा घरचा माल हाय," काकाजींचा आवाज अगदी बारीक झाला होता. "याले मी हात लावत नाई. दुसऱ्या कोणाले विचारजो."

"सर, उत्तरं चारच आहेत."

"त्यात 'घरचा माल' नाई?"

"नाही सर."

"मंग हात लावला नाई असं लिही."

त्या मुलीनं बिचारीनं तिला समजलं ते लिहिलं. ज्या माणसानं ते गाणं हजार वेळा ऐकलं असेल, त्याच्या नावापुढं लागलं: ऐकलंच नाही. बाकीच्यांनीही बहुतेक तेच सांगितलं आणि त्यांचं खरंच होतं. जे कोणी ऐकलं नाही ते आम्ही वाजवत नाही, आणि आम्ही वाजवत नाही म्हणून ते कोणी ऐकत नाही. गाणं नापास झालं.

मी काकाजींना कळवलं नाही. पण तक्ता लावताना कधी कधी तासाच्या शेवटी एखादं भोक राहतं, चाळीस-पन्नास सेकंदांचं. जाहिरात आली नाही, गाणं लवकर संपलं. तिथं काहीतरी भरायचं असतं आणि तेवढं माझ्या हातात असतं. कंपनीचं गाणं नसलं तर गाणाऱ्याची लेखी परवानगी लागते. मी मयूरीला मेल टाकला. तिचं उत्तर चार दिवसांनी आलं: "परवानगी आहे. बाबांना सांगू नको. ते मला परत गा म्हणतील, आणि मला नाही म्हणता येणार नाही."

एका मंगळवारी तीन छप्पनला भोक पडलं. मी त्यात मयूरी भरली. वेणा नदीपासून 'घडीभर थांबा'पर्यंत. निवेदन नाही, नाव नाही. काचेच्या खोलीत बसून माझेच अंगठे एकमेकांपासून दूर जात होते.

फोन चारला आला. काकाजी धापा टाकत होते. "वाजलं! पोरी, वाजलं! मी कठडा सोडलाच नाई!" मग एकदम थांबले. "खरं सांगजो. तू लावलं?"

मी आयुष्यात फार कमी खोटं बोलले आहे. "नाही काकाजी. सर्व्हेत पास झालं."

"म्हणजे दुसऱ्यानं पारखलं," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या बोटाले लांब धागा लागला."

त्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि असली भोकं आता स्टेशनच्या जाहिरातीनं आपोआप भरतील, अशी व्यवस्था केली. ते ठीकच झालं, त्यांच्या दृष्टीनं.

दिवाळीनंतर आंजीहून नागपूरला जाताना मी वाट वाकडी करून हिंगणघाटला उतरले. काकूंनी वर बोट दाखवलं. काकाजी पाचव्या पायरीवर होते. मला पाहताच म्हणाले, "ये, ये, वर ये. तुले एक गोष्ट सांगायची हाय. त्या रविवारी मी मयूरीले सांगतलं, तुहं गाणं रेडिओवर वाजलं. तर ती काय म्हणते माहीत हाय? 'काऊन खोटं बोलून राह्यले बाबा! कोठं उभे राह्यलते उन्हात? टोपी होती का डोक्यावर?' असं भांडली वं! पंधरा मिनटं भांडली. मी फोन असा धरून." आणि फोन कसा धरला होता, ते त्यांनी मोकळ्या हातानं दाखवलं. परवानगीचा मेल तिचाच होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

"आणि आता?"

"आता पुन्हा 'ठीक आहे बाबा'." त्यांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला. सोन्याच्या दुकानाची जाहिरात चालू होती. "पण पास झालेलं गाणं दिवसातून चारदा वाजते, तूच सांगतलं ना? मंग त्या मंगळवारानंतर माह्या कानावर एकदाही पडलं नाई कसं, तेच समजून नाई राह्यलं. हा कठडाच गंजला असंन. तुहा हात लाव बरं."

मी एक पायरी वर चढले आणि त्यांच्या हाताशेजारी कठडा धरला. खरखर कमी झाली. काकाजींनी डोक्यावरची टोपी नीट केली, रेडिओ माझ्या कानाकडं सरकवला, आणि आम्ही दोघं चार वाजायची वाट पाहत उभे राहिलो.