जित्या माणसायची चित्रं

मी मंजुषा. वर्ध्याच्या नगर कलादालनात झाडू-पोछा, कुलूपकिल्ली, चहापाणी आन् पाहुण्यायच्या सह्यायचं रजिस्टर, हे सगळं माह्याकडं हाये. लोक म्हणतात, मंजुषाबाईचं तोंड लय चालते. चालते तं चालते. ज्या दिवशी चालायले पायजे होतं त्या दिवशी मात्र ते बंद राह्यलं, आन् तो राग अजून माह्या डोक्यातून जाऊन नाई राह्यला.

आमच्या दालनाचा सीझन दिवाळी सरली की सुरू होते आन् होळीपर्यंत चालते. मागच्या वर्षी पहिले लागले पक्ष्यायचे फोटो, सावंगीच्या डॉक्टर लोकायनं काढलेले. मंग नागपूरच्या एका मॅडमचे जलरंग. मंग शाळेच्या पोरायची चित्रकला स्पर्धा. मधातच साड्यायचा सेल, त्याले कोण कला म्हणते ते समितीलेच माहीत. दरवेळी तेच. समई पेटवा, कोणत्या तरी फोटोले हार घाला, शाल-श्रीफळ द्या, तीन भाषणं ठोका, आभार माना आन् नाश्त्यावर तुटून पडा. या सगळ्यात भिंतीवरचं एकेक चित्र लावणारा माणूस कोण, हे आजवर एकाही आभारात आलं नाई. तो आमच्या नालवाडीचा कवडूभाऊ.

कवडूभाऊ मूळचा पेंटर. दुकानायचे बोर्ड, शाळेच्या भिंती, गावोगावचे विहार, सगळं त्यानं रंगवलं. पण त्याचं खरं नाव झालं ते मेलेल्या माणसायच्या चित्रांनी. घरात कोणी गेलं की लोक राशन कार्डावरचा नखाएवढा फोटो घेऊन त्याच्या दारात येत. कान कसे होते, भांग कोणत्या बाजूनं पाडत होते, हे विचारून विचारून तो माणूस उभा करे. तळेगावपासून लोक येत. तेराव्याच्या आत चित्र पायजे, असं रडून सांगत. हा बावा रात्रंदिवस एक करून देई. मंग कॉम्प्युटर आला, फ्लेक्स आलं, आन् त्याचा ब्रश कोरडा पडला. तवापासून तो दालनात चित्रं टांगते. निळीत भिजवलेलं सूत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणते, टण्णकन सोडते, निळी रेघ उमटली की तिच्यावर सगळी चित्रं बसवते. दुसऱ्यायची.

एक दिवस चहा पिता पिता तो मले म्हणाला की आपल्याकडं सगळे मेल्यावरच आले, जित्या माणसाले समोर बसवून काढाले कोणी सांगतलंच नाई. आपल्या गल्लीतली माणसं जिती असतानाच लोकायनं उभं राहून पाहावी, एवढंच त्याच्या मनात होतं. मी तवाच कामाले लागली. सीझनच्या शेवटी आमच्याकडं स्थानिक कलावंतांचा आठवडा असते. त्याचा फॉर्म मीच आणला, मीच भरला, त्याची सही घेतली आन् सचिव अण्णाजीच्या टेबलावर नेऊन आपटला.

मंग कवडूभाऊनं बारा जणायले बसवलं. सायकल दुरुस्त करणारा तानबा, बालवाडीची रीताबाई, मी, अशी सगळी आमची नालवाडीची माणसं. बसायले सगळ्यात जास्त छळलं ते कमलाबाईनं. ही सत्तरीची म्हातारी चौकात भाजी लावते. नवरा गेला तवा त्याचं चित्र कवडूभाऊनंच काढलं होतं, ते घरात हार घालून टांगलेलं हाये. त्याच्याच बाजूले आपण जाऊन बसू, याचं तिले भेव. चित्र काढलं की माणूस जाते, असं तिच्या डोक्यात पक्कं होतं. महिनाभर ती नाईच म्हणत होती. शेवटी तिनं कवडूभाऊकडून वचन घेतलं.

"बसते मी," ती म्हणाली, "पण जीव हाये तोवर माह्या चित्राले हार दिसला नाई पायजे. तू घातला तरी, दुसऱ्यानं घातला तरी, जबाबदार तू."

त्यानं हो म्हटलं. तिनं सकाळी सकाळी येऊन पंधरा दिवस बैठक दिली, तीही पूर्ण वेळ कपाळाले आठ्या घालून.

चित्रं झाली. काय सांगू तुमाले, तानबाचं चित्र पाहून त्याची बायको लाजली. कवडूभाऊनं ती दालनात लावली ती नेहमीपेक्षा वीतभर खाली. मी विचारलं, काऊन? तं म्हणे, माह्या पाहुण्या बाया बुटक्या हायेत, त्यायनं मान वर करून काऊन पाहावं.

आता अण्णाजीचा प्रताप ऐका. निमंत्रणपत्रिका छापायची तं माणसानं एकदा खाली येऊन चित्रं पाहावी की नाई? ऑफिसातून दहा पायऱ्या होत्या फक्त. पण नाई. त्यायनं वरूनच कोणाले तरी विचारलं, कवडूची चित्रं कशाची? समोरचा म्हणाला, तो मेलेल्यायची काढते ना. झालं. छापून मोकळे, 'दिवंगतांची स्मृतिचित्रे'. पत्रिका पाहुण्यायले गेल्या, पेपरले गेल्या. ज्याचं प्रदर्शन त्याले एकही नाई, कारण तो पडला आमच्यातला, स्टाफातला. मले तरी कुठं दाखवली? मी कप धुवाच्याच कामाची ना.

उद्घाटनाच्या दिवशी मी सोडून आमची अकराही माणसं ठेवणीतले कपडे घालून अंगणात बसली होती. फीत कापल्याशिवाय आत जायचं नाई, असा नियम. मी मागं चहा उकळत होती. कवडूभाऊले समितीच्या अध्यक्षसाहेबानं कैचीचं तबक धरून दारात उभं केलं होतं. स्वतःच्या प्रदर्शनात तबक धरून! तेवढ्यात अण्णाजी पिशवी घेऊन आत गेले आन् चंदनाचे बारा हार बारा चित्रायले घालून आले. वाईट मनानं नाई घातले, हे मी मानते. फोटो दिसला की हात हाराकडं जाते, एवढी सवय या लोकायच्या अंगात भिनली हाये. माणूस कोण, मेला की जिता, हे पाहाची गरजच नाई.

फीत कापली. टाळ्या झाल्या. सगळे आत आले, आमी सगळ्यायच्या मागं. आन् मले समोर मी दिसली, गळ्यात हार घालून.

माय वं! तानबा माह्या कानाशी येऊन म्हणाला, बाई, आपल्याले मारलं की काय यायनं. कमलाबाईनं माह्या दंडाले धरलं. कवडूभाऊ तबक घेऊन कोपऱ्यात उभा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं मले इकडून दिसलं.

मी पुढं व्हायले पायजे होतं. ओरडायले पायजे होतं. पण माइक सुरू झाला होता, आन् माइक सुरू झाला की आपण गप बसायचं, हे आपल्याले लहानपणापासून शिकवलेलं. नागपूरहून एक रिटायर साहेब पाहुणे म्हणून आले होते. ते बोलले पंधरा मिनिटं. या साध्या माणसांच्या आठवणी अमर राहतील, म्हणे. त्यांच्या जाण्याने झालेली पोकळी, म्हणे. तानबाची पोकळी! तानबा तिथं मागं जांभया देऊन राह्यला होता. मंग सूत्रसंचालन करणारी आचल नावाची पोरगी, तिचा बिचारीचा काय दोष, तिनं कागदावर होतं ते वाचलं. दिवंगत आत्म्यांना श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं.

आन् आमी उभे राह्यलो.

हे लिहून ठेवा. बाराचे बारा जण, खाली मान घालून, हात बांधून, आपल्याच श्रद्धांजलीले उभे राह्यलो. मी पण. सांगणारा मोठा माणूस असला की आमी आमच्या मरणाले पण हो म्हणू. दुसऱ्यायच्या नावानं बोंबलण्यात काय अर्थ हाये? मले माह्यीच लाज वाटते.

हलला फक्त एक माणूस. कवडूभाऊनं तबक खाली ठेवलं, कोपऱ्यातली घडीची शिडीही न घेता सरळ भिंतीपाशी गेला आन् पहिल्या चित्राचा हार काढला. मंग दुसऱ्याचा. चित्रं खाली लावली होती म्हणून हात पुरत होता. चंदनाचा हार काढताना सुक्या पानावाणी आवाज होते, तेवढाच आवाज पूर्ण हॉलमधी. अध्यक्षसाहेब डोळे वटारून पाहून राह्यले होते, पण स्तब्ध राहाचं होतं ना! यायनंच सांगतलं होतं. दोन मिनिटांत त्याले कोणीच अडवू शकलं नाई. बाराही हार काढून त्यानं हातावर घेतले आन् माइकपाशी न जाताच बोलला.

"साहेब, यातलं कोणीच मेलेलं नाई. सगळे हजर हायेत. जरा मागं वळून पाहा."

सगळ्यायनं मागं पाह्यलं. त्या रिटायर साहेबानं पण पाह्यलं, आमच्याकडं पाह्यलं, चित्रायकडं पाह्यलं, पुन्हा आमच्याकडं पाह्यलं. पंधरा मिनिटं आमच्यावर बोलला तो माणूस, आन् मंग आमालेच विचारते, यातलं तुमचं कोणतं? कवडूभाऊनं एकेकाच्या पापण्या काढल्या होत्या हो. मले वाटलं, चहाची किटली याच्या बुटावर ओतावी. ओतली नाई. नोकरी हाये.

कार्यक्रम कसाबसा गुंडाळला. पाहुणे नाश्त्याले गेले आन् अध्यक्षसाहेबानं कवडूभाऊले आत बोलावलं. मी कप उचलायच्या निमित्तानं तिथंच राह्यली. चूक छापणाऱ्याची, हार घालणाऱ्याची, पण बोलणी कोणाले? याले. समितीची शोभा झाली, पाहुण्यायचा अपमान झाला, आता माफी लिहून दे आन् उद्या सकाळी चित्रं उतरव, पुढच्या सीझनले आमी दुसरा माणूस पाहू. अण्णाजी तिथंच पोहे खात होते, त्यायनं मान वर नाई केली. कवडूभाऊ म्हणाला की माफी तो नाई लिहिणार, पण चित्रायचं बसलेल्यायले विचारतो, ते उतरव म्हणाले तं आत्ता उतरवतो.

बाहेर आमच्यायचा वेगळाच गलका. रीताबाई रडून राह्यली होती. तानबाची बायको म्हणे, अपशकुन झाला, चित्रं उतरवा आन् जाळून टाका. कवडूभाऊ सरळ कमलाबाईपाशी गेला. म्हणाला, तुले शब्द दिला होता, माह्यानं पाळणं झालं नाई, तू म्हणशील तसं.

म्हातारी उठली. एकटी आत गेली. आमी दारातून पाहून राह्यलो. ती आपल्या चित्रासमोर उभी राह्यली, नाकाले नाक लागन एवढी जवळ. चित्रात ती अशी पाहून राह्यली होती की कोणी वांग्याचा भाव पाडून मागितला हाये.

"कवडू," ती म्हणाली, "मले एवढं रागात काऊन काढलं?"

"तू रागातच बसलती, बाई."

"मंग बराबर काढलं." तिनं भिंतीपाशी पडलेली एक खुर्ची ओढली आन् चित्राच्या बाजूले बसली. "राहू दे सगळी. उतरवाले कोण येते मी पाहते. आन् हार घेऊन कोण येते तेही पाहते."

आन् ती बसली हो. सातही दिवस. चौकातलं भाजीचं दुकान बंद ठेवून, सकाळी मी कुलूप उघडायच्या आत दारात हजर, संध्याकाळी मी लावलं की घरी. डबा तिथंच खाये. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षसाहेब दोन माणसं घेऊन आले होते चित्रं उतरवाले. कमलाबाईनं त्यायच्याकडं पाह्यलं, चित्रातल्या कमलाबाईनंही पाह्यलं, आन् ते तसेच वर गेले. गावात बातमी पसरली. जिते लोक पाहाले जिते लोक आले, आमच्या दालनात एवढी गर्दी साड्यायच्या सेलले पण नव्हती. गर्दी पाहून अध्यक्षसाहेब गोड झाले. शेवटच्या दिवशी पेपरवाल्याले बोलावलं, कोट घालून आले, आन् फोटोसाठी नेमके कमलाबाईच्या चित्रापाशी उभे राह्यले. मंग तिले म्हणतात, बाई, जरा बाजूला व्हा, चित्र दिसत नाही.

ती हलली नाई. फोटोवाला म्हणाला, राहू द्या, येते फ्रेममधी.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. फोटोखाली अध्यक्षसाहेबायचं नाव, पदासकट. कमलाबाईसाठी लिहिलं होतं, 'उपस्थित महिला'. चित्र काढणाऱ्याचं नाव शोधून शोधून माहे डोळे दुखले, कुठंच नाई. मी तो पेपर घेऊन तडक नालवाडीले गेली. कवडूभाऊ अंगणात बसला होता, कामावरून काढलेला माणूस, करणार काय. मी पेपर त्याच्या मांडीवर आपटला आन् म्हटलं, पाहा, तुमचं नाव नाई, तिचं नाव नाई, आता तरी एकदा रागवा.

त्यानं चष्मा लावला. बोट ठेवून ठेवून वाचलं, दोनदा वाचलं.

"उपस्थित तं लिवलं ना," तो म्हणाला. "तिले दाखवून ये."

खरं सांगते, त्या पूर्ण सीझनमधी मले अध्यक्षाचा राग आला, अण्णाजीचा आला, माह्या स्वतःचा आला. पण त्या घडीले त्याचा जेवढा आला तेवढा कोणाचाच नाई. मी पेपर उचलला आन् रडत रडत चौकात गेली, कमलाबाईले दाखवाले.