वाळूचा वापसा

मी इंजिनियर असलो तरी वाढलो काळ्या मातीत, आणि तीच सवय मला नडली. अकोला-अमरावतीच्या वाटेवर एका नाल्यावर पूल होत होता. बाजूनं काढलेल्या तात्पुरत्या रस्त्याखाली आम्ही जिओसेल अंथरले. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी कप्प्यांची प्लास्टिकची जाळी ती. कप्प्यांत वाळू ठासून भरली की तिला कुठं सरकता येत नाही आणि ती वजन पेलते.

अवकाळीनं वाळू भिजली. शेतात करतात तेच मी केलं, वापसा येईपर्यंत, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल उरेपर्यंत थांबलो. मुकादमानं मुठीत वाळूचा गोळा करून खाली टाकला, तो फुटला. वापसा आला, म्हणून आम्ही दोघंही खूश. कप्पे भरले, रोलर फिरवला, मी सही केली, रस्ता सुरू झाला.

आठवड्यानं नाल्याकडची चाकोरी चार बोटं खचलेली दिसली, आणि कॉलेजात शिकलेलं तेव्हा कुठं आठवलं. किंचित ओल असलेली वाळू फुगते, नीट दबत नाही. ती पार कोरडी तरी हवी, नाहीतर पाणी सोडून चिंब करायची. मातीचा उत्तम वापसा म्हणजे वाळूची सगळ्यात वाईट अवस्था. खाली खोल नाला होता आणि वरून भरलेल्या एसट्या जात होत्या.

मी कुणाजवळ बोललो नाही. नोकरी कंत्राटी, सही माझी. काठावर चार पिंपं ठेवून स्वतःची समजूत काढली. पण रोज सकाळी साडेसातला मी घड्याळ बघायचो, कारण तेव्हा बायकोची एसटी तिथून जायची. ती अकोल्याच्या जठारपेठेतून अमरावतीला ऑफिसात जाते. चौथ्या दिवशी ती निघताना मी म्हटलं, आठ-दहा दिवस रेल्वेनं जा. ती कारण विचारत राहिली. शेवटी सगळं सांगितलं.

चिडेल असं वाटलं होतं. ती दारातच खाली बसली आणि एसटीत रोज कोण कोण असतं ते सांगू लागली. एक नर्सबाई, क्लासच्या दोन पोरी, डब्यातला अर्धा पराठा हिला देणारे एक मास्तर. मग म्हणाली, "मले सांगतलं. त्याईले कोन सांगन?"

मुकादम साइटवरच राहायचा. त्याला फोन करून रोलर रस्त्यात आडवा घालायला लावला. साडेसातची एसटी अलीकडेच थांबल्याचं त्यानं कळवलं, पाठोपाठ माझ्या वरच्या साहेबांचा फोन आला. रस्ता कोणाला विचारून बंद केला, त्यांनी विचारलं. बायकोनं पाण्याचा ग्लास हातात दिला आणि मी सगळं सांगून होईपर्यंत समोर बसून राहिली.