विंचवाचं पान

जुन्या अंकाच्या पिना उचकटत होते, आणि मधल्या पानावर माझा नवरा निघाला.

उघडा बसलेला, दोन्ही हात छातीपुढे धरलेले. डोळ्यांवर काळी पट्टी छापली होती. डोळे झाकले की माणूस ओळखू येत नाही अशी डॉक्टर लोकांची समजूत असते. आणि उजव्या मनगटाच्या वर विंचू. लग्नाच्या आधी ते गौतमपुऱ्याला हिंगोटांची, म्हणजे पेटत्या फळांची, लढाई बघायला गेले होते, तिथे गोंदवून घेतला. दुखलं म्हणून मध्येच हात ओढून घेतला, त्यामुळे विंचवाला नांगीच नाही. तसला विंचू सगळ्या इंदूरमध्ये एकाच माणसाच्या हातावर होता, आणि त्याला मी रोज सकाळी चहा देत होते.

तो अंक चामडीच्या डॉक्टरांचा होता. चामडीचे रोग आणि गुप्तरोग, दोन्ही त्यात असायचे. माझं शिक्षण मराठी चौथी, त्यामुळे इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण फोटो तर सगळ्यांनाच वाचता येतात. राजवाड्याच्या मागे डॉक्टरांचा दवाखाना होता आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीतून अंक निघायचा. छापखान्यातून गठ्ठे आले की मी त्यांना कागद गुंडाळायचे, पत्ता चिकटवायचे, तिकिटं लावून पोस्टात पोचवायचे. खळ माझी स्वतःची. मैदा शिजवताना चिमूटभर मोरचूद घातलं की कसर लागत नाही. गल्लीत मी सांगायचे, डॉक्टरीचं मासिक आहे. कसली डॉक्टरी ते सांगत नव्हते.

मग डॉक्टरांनी ठरवलं की अंक यापुढे कागदावर निघणार नाही, कम्प्युटरवर निघणार. जुने अंकही सगळे त्यात घालायचे. म्हणून मी पिना काढून पानं सुटी करत होते, आणि टायपिस्ट बाई एकेक पान स्कॅनरवर ठेवून झाकण लावत होत्या. आत उजेड सरकायचा आणि झालं, पान गेलं. आदल्याच दिवशी मी त्यांना विचारलं होतं, की तिथे ते कोण बघणार.

"कुणीपण, मावशी. घरबसल्या. अमेरिकेतला माणूस पण बघेल."

"आणि सराफ्यातला?"

"सराफ्यातला पण. फुकट."

अमेरिकेची मला चिंता नव्हती. पण आमच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं, आणि मुलगा कम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होता. येत्या रविवारी त्याच्या घरचे बोलणी पक्की करायला येणार होते. बोलणी करायला समोर माझा नवराच बसणार, हाफ बाह्यांचा शर्ट घालून. दुसरा त्यांच्याकडे नव्हता.

"मावशी, पुढचं द्या ना," टायपिस्ट बाईंनी हात पुढे केला.

"हे फाटलंय. चिकटवून उद्या देते," म्हटलं, आणि पान पिशवीत डब्याखाली सरकवलं. त्या दवाखान्यातून मी साधी टाचणी कधी घरी नेली नव्हती.

फोटोखाली काय लिहिलं आहे ते बाईंना विचारता आलं असतं. विचारलं असतं तर बाईंनाही कळलं असतं. म्हणून तशीच चालत घरी गेले. वाटभर एकच विचार. चामडीचा असू दे, दुसरा नको.

ते घरीच होते. त्यांची कापड मिल बंद पडल्यावर इकडेतिकडे करून शेवटी एका गोदामावर चौकीदार लागले होते, आणि दुपारी घरी असायचे. मेथी निवडत बसले होते. मी पान काढून मेथीवर ठेवलं.

त्यांनी पान बघितलं. मग हात झटकून म्हणाले, "कुठे मिळालं?"

"आधी सांगा, वरचा रोग की खालचा?"

"काय बोलतेस गं!"

"अंकात दोन्ही असतात. इतकी वर्षं पाकिटं बांधतेय मी. विचारणारच."

"महारोग," ते म्हणाले.

मी मेथी बाजूला सारून समोर बसले.

मिल बंद झाली त्याच सुमारास हाताला बधिरपणा आला होता, असं त्यांनी सांगितलं. कढत चहाचा पेला धरला तरी कळायचं नाही. करंगळी वाकली ती रोगाने. मला सांगितलं होतं मशीनमध्ये सापडली. दीड-दोन वर्षं गोळ्या घेतल्या, त्या कुठे ठेवल्या, तर शिवणाच्या मशीनच्या पेटीत, जी मी उघडत नाही कारण मला शिवता येत नाही. आजार केव्हाच बरा झाला होता. वाकलेलं बोट तेवढं राहिलं.

आणि मला ती वर्षं आठवली. त्यांनी आपली थाळी-वाटी वेगळी केली होती. अंगाला मिलच्या रंगाचा वास बसलाय म्हणून बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. मिल बंद, तरी वास कसला? मुलगी जवळ गेली की उठून उभे राहायचे. मला वाटलं, बाहेर कुणीतरी ठेवली आहे. मी ते गिळून बसणारी नाही. एकदा मी शेजारणीसमोर म्हटलं होतं, "आमच्या घरी पाहुणा राहतो, जेवतो वेगळा, झोपतो वेगळा, भाडं तेवढं देत नाही." शेजारीण हसली. हेपण हसले.

"तो कापूस," मी म्हटलं. "तो याच्यासाठी होता?"

त्यांनी मान हलवली. एकदा ते मला आणि मुलीला याच डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. मिलवाल्यांच्या घरच्यांची फुकट तपासणी आहे म्हणाले. डॉक्टरांनी आम्हाला डोळे मिटायला लावले आणि पाठीला, हाताला कापूस लावला. लागला की बोट ठेवून दाखवायचं. मी घरी येऊन भांडले होते, की कामधंदा सोडून हा काय पोरखेळ.  ते जिलेबी घेऊन आले. मुलगी खूश. मी खाल्ली नव्हती.

"डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या सुरू झाल्या की कुणाला लागत नाही. थाळी वेगळी करायची गरजच नव्हती," ते म्हणाले. "पण मला भरवसा नव्हता."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"नोकरी नाही, वरून हे. सांगितलं असतं तर ठेवलं असतंस मला?"

मी विचार केला. खोटं बोलायची ती वेळ नव्हती.

"माहीत नाही. तेव्हा कदाचित नसतं ठेवलं."

"मग," ते म्हणाले आणि पुन्हा मेथी निवडायला लागले. "बरोबरच केलं मी."

त्यांची थाळी अजून वेगळीच होती. सवयीने. मी ती उचलली आणि खाली भंगारवाला ओरडत होता त्याला देऊन आले. चांगली जाड थाळी होती.

"अगं, आता जेवू कशात मी?"

"माझ्यात. आधी मी जेवते, मग तुम्ही."

"उलटं असतं ना?"

"असेल. मला भूक लागली आहे."

जेवल्यावर मी विचारलं, पानाचं काय करायचं. चुलीत घालते म्हटलं, कुणाला काही पत्ता लागणार नाही.

"नको," ते म्हणाले. "डॉक्टरांनी विचारून फोटो काढला होता. मी हो म्हणालो होतो. मला कळायला वर्ष गेलं, दुसऱ्या कुणाच्या डॉक्टरला हा हात बघून लवकर कळेल. जाऊ दे कम्प्युटरमध्ये."

"आणि रविवारी येणारे?"

त्यांनी पान उजेडात धरलं. "तोंडाचं काही नाही. असल्या मिशा मिलमध्ये सगळ्यांना होत्या. बिच्छू झाक."

दुसऱ्या दिवशी पेशंट सुरू व्हायच्या आधी मी डॉक्टरांच्या टेबलावर पान ठेवलं.

"डॉक्टरसाहेब, तुमची पट्टी चुकीच्या जागी आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आमच्याहून वयाने मोठे, शांत गृहस्थ. "कळलं तुम्हाला."

"तुम्हाला तर आधीपासून माहीत होतं. रोज समोर बसून पाकिटं बांधत होते मी."

"त्यांनी शपथ घातली होती, वहिनी. काय करणार? गोळ्या संपल्या त्या दिवशी मला म्हणाले, घरी बायको आहे, खळ फार छान करते, तुमच्याकडे काही काम असेल तर बघा."

मी आजवर समजत होते की हे काम मला पोस्टातल्या ओळखीने लागलं. तेपण मला नवऱ्यानेच सांगितलं होतं.

"हे पान गाळून टाकतो मी," डॉक्टर म्हणाले. "गोंदण माझ्या लक्षातच आलं नाही. डोळे झाकायचे एवढंच आम्हाला शिकवलेलं."

"गाळू नका. ते म्हणतात राहू दे. फक्त विंचू झाका."

एक्सरेच्या फिल्मच्या पाकिटात काळा कागद असतो. डॉक्टरांनी स्वतः त्याची पट्टी कापली. थोडी मोठी झाली, करंगळीपर्यंत यायला लागली. मी म्हटलं, "बोट झाकाल तर मग दाखवाल काय?" त्यांनी दुसरी कापली. मी खळ लावून ती विंचवावर बसवली, वरून बोटाने दाबली, कडा पुसून घेतल्या. डॉक्टर बघत उभे होते. पेशंट बाहेर खोकत होते तरी ते गेले नाहीत.

टायपिस्ट बाईंनी पान मशीनवर ठेवलं. "मावशी, इथे काय झालं होतं?"

"शाई सांडली होती."

उजेड सरकला. मी पुढचं पान दिलं.

रविवारी बोलणी झाली, मुलगी त्याच घरी दिली. कागदाचा अंक बंद झाला तसं माझं कामही संपलं. डॉक्टर काही वर्षांनी गेले. माझा नवरा त्यानंतरही बरीच वर्षं जगला, रोज माझ्या थाळीत जेवला, आणि हृदयाच्या झटक्याने गेला. मुलगी उज्जैनला असते, धडधाकट आहे. मी आहे.